पीपीपीडीच्या पर्यायांची फाइल: कुठली ओळ कोणाशी बोलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी फायबर आहे. ऑपरेटरने दिलेला ओएनटी (फायबर जिथे येतो तो डबा) ब्रिज मोडमध्ये टाकलाय, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम न करता पाकिटं नुसती पुढे देतो, आणि त्यामागे डेबियन लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक राउटरचं काम करतो. पीपीपीओई जोडणी (इथरनेटवरून आयडी-पासवर्ड देऊन लागणारी पीपीपी जोडणी) पीपीपीडी हा प्रोग्रॅम लावतो. पर्यायांची फाइल इकडून-तिकडून जमवलेली आहे, चालते, पण तीन कटकटी आहेत. लाइट जाऊन आली की कधी जोडणी परत लागते, कधी लागतच नाही. काही साइट नीट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. आणि ‘नोऑथ’ ही ओळ काढली की काहीच चालत नाही, मग ती ठेवणं धोक्याचं आहे का?

पर्यायांची नावं मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती मॅन पानावर, म्हणजे प्रोग्रॅमच्या माहितीपानावर, आहेत तशीच, रोमन लिपीत आणि जोडरेघांसकट टाकायची.

आधी एक गोष्ट पक्की करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पीपीपी हा दोन बरोबरीच्या टोकांमधला करार आहे. १९९४च्या आरएफसी १६६१ या मानक दस्तऐवजात ग्राहक कोण आणि सर्व्हर कोण असा भेदच नाही. दोन्ही बाजू आपापल्या मागण्या पाठवतात आणि समोरच्याच्या मागण्या मान्य करतात, बदलून मागतात किंवा नाकारतात. त्यामुळे तुमच्या फाइलमधली प्रत्येक ओळ तीनपैकी एक काम करते. काही ओळी फक्त तुमच्या पीपीपीडीला सूचना देतात, तारेवर त्यांचा मागमूस नसतो: पर्सिस्ट (तुटली तर पुन्हा लाव), होल्डऑफ (पुन्हा लावण्याआधी किती थांबायचं), डिफॉल्टरूट (बाहेर जायची मुख्य वाट या जोडणीवरून ठेव). काही ओळी समोरच्याकडे काहीतरी मागतात: एमआरयू (पाकिटाचा कमाल आकार), यूजपीअरडीएनएस (डीएनएसचे पत्ते). आणि काही ओळी समोरच्याने आपल्याकडे काय मागितलं तर चालेल ते ठरवतात: रिफ्यूज-पॅप (पासवर्ड उघडा पाठवायला नकार), नोसीसीपी (डेटाच्या कॉम्प्रेशनची बोलणी नको). ओळ कोणाशी बोलते हे कळलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

नोऑथचंच बघा. ‘पासवर्ड वापरू नकोस’ असा त्याचा अर्थ बरेच जण घेतात. खरा अर्थ आहे, ‘समोरच्याने स्वतःची ओळख मला पटवून द्यावी अशी सक्ती करू नकोस.’ तुमचा आयडी आणि पासवर्ड ऑपरेटरला जायचा तो जातोच. ऑपरेटर मात्र तुम्हाला स्वतःची ओळख पटवून देत नाही, कोणताच देत नाही. आता पीपीपीडीचा स्वभाव असा की मशीनवर आधीपासून डिफॉल्ट रूट असेल तर तो ऑथ हा नोऑथच्या उलटा पर्याय आपणहून गृहीत धरतो. शिवाय डेबियनच्या ‘/ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स’ या फाइलमध्ये ऑथ लिहिलेलाच असतो. म्हणून तुम्ही नोऑथ काढलंत की पीपीपीडी समोरच्याची ओळख तपासायला त्याचा पासवर्ड शोधतो, तो कुठल्याही सीक्रेट्स (पासवर्डांच्या) फाइलमध्ये नसतो, आणि एकही पाकीट न पाठवता बंद पडतो.

तेव्हा बाहेर जाणाऱ्या जोडणीला नोऑथ लावणं योग्यच आहे. धोका येतो तो तुमचा पीपीपीडी इतरांच्या जोडण्या स्वीकारत असेल तेव्हा, म्हणजे त्याच मशीनवर एल२टीपीचा (व्हीपीएनचा एक प्रकार) सर्व्हर वगैरे चालवत असाल तर. म्हणून नोऑथ सामाईक ऑप्शन्स फाइलमध्ये कधीही टाकू नका, पीअर्स डिरेक्टरीतल्या त्या एका जोडणीच्या फाइलमध्येच ठेवा. पॅप आणि चॅप या ओळख पटवण्याच्या दोन पद्धती. पॅपमध्ये पासवर्ड उघडा जातो, चॅपमध्ये नाही, त्यामुळे ऑपरेटर चॅप चालवत असेल तर रिफ्यूज-पॅप जरूर लावा. आणि एक काळजी याहून मोठी आहे: ओएनटी ब्रिजमध्ये टाकल्यापासून तुमचं डेबियन मशीन थेट इंटरनेटसमोर उभं आहे. पीपीपी० या इंटरफेसवर फायरवॉल नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती लावा.

फाइली वाचल्या जाण्याचा क्रमही इथेच सांगतो. आधी सामाईक ऑप्शन्स फाइल, मग घरच्या डिरेक्टरीतली पीपीपीआरसी, मग आज्ञेच्या ओळीवर दिलेलं. ‘कॉल’ लिहून पुढे जोडणीचं नाव दिलं की पीअर्समधली त्या नावाची फाइल तिथेच वाचली जाते. कॉलने वाचलेल्या फाइलमध्ये नोऑथसारखे विशेषाधिकाराचे पर्यायही चालतात, चालवणारा रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) नसला तरी. एखादी किंमत नक्की कुठून आली याचा घोळ झाला की अंदाज बांधत बसू नका. नेहमीच्या आज्ञेला शेवटी ‘ड्रायरन’ जोडा. पीपीपीडी सगळे पर्याय वाचतो, प्रत्येकाची शेवटची किंमत आणि ती कुठल्या फाइलमधून आली ते छापतो, आणि जोडणी न लावता बाहेर पडतो. जमवलेली फाइल साफ करताना हे फार उपयोगी पडतं.

आता लाइट जाण्याचा प्रश्न. इथे तीन वेगळी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणूनच तो ‘कधी चालतो, कधी नाही’ असा वाटतो.

पहिलं कारण मॅक्सफेल. पर्सिस्ट लावलं की पीपीपीडी कायम प्रयत्न करत राहील अशी समजूत असते. पण मॅक्सफेलची मूळ किंमत १० आहे: सलग दहा प्रयत्न फसले की तो पर्सिस्ट असूनही बाहेर पडतो. लाइट आल्यावर तुमचं मशीन मिनिटाभरात उभं राहतं. ओएनटीला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि गल्लीच्या टोकाच्या डब्यातल्या किंवा ऑपरेटरच्या खोलीतल्या उपकरणांना वीज कधी मिळेल याचा भरवसाच नसतो. तोवर पीपीपीडी शोधाची पाकिटं सोडतो, उत्तर येत नाही, थोडं थांबतो, पुन्हा सोडतो. दहा प्रयत्न संपायला अर्धा तासही लागत नाही. लाइन त्यानंतर आली तर प्रयत्न करायला कोणी उरलेलंच नसतं. उपाय एका ओळीचा आहे: मॅक्सफेल ०. शून्य म्हणजे मर्यादाच नाही.

दुसरं कारण याच्या उलट आहे: जोडणी मेलेली असते, पण पीपीपीडीला ते कळत नाही. टेलिफोनच्या मोडेमच्या काळात लाइन तुटली की मोडेम कॅरियर गेल्याची खूण सिरियल केबलवर देत असे आणि पीपीपीडीला लगेच कळायचं. पीपीपीओईत अशी खूण नाही. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे, मशीन आणि ओएनटी दोन्ही चालू आहेत, त्यांच्यातली इथरनेट केबलही जिवंत आहे. पलीकडे ऑपरेटरचं उपकरण बंद पडून पुन्हा चालू झालं आणि तुमचं सत्र विसरून गेलं. तुमचा पीपीपी० मात्र दिमाखात ‘चालू’ दिसतो, पत्ता आहे, रूट आहे, फक्त एकही पाकीट परत येत नाही.

यावर उपाय म्हणजे एलसीपी-एको-इंटरव्हल आणि एलसीपी-एको-फेल्युअर ही जोडी. पहिली सांगते दर किती सेकंदांनी ‘आहेस का?’ विचारायचं, दुसरी सांगते किती वेळा उत्तर आलं नाही की समोरचा गेला असं धरायचं. डेबियनच्या सामाईक फाइलमध्ये ३० आणि ४ असतं, म्हणजे साधारण दोन मिनिटं. मी घरगुती फायबरला २० आणि ३ ठेवतो, मिनिटभरात निकाल लागतो. दोन्ही हवेत. नुसता इंटरव्हल दिला तर पीपीपीडी विचारत राहतो आणि उत्तर आलं नाही तरी काही करत नाही. हे काम करतंय का ते लॉगमध्ये दिसतं: आधी तीन एको-विनंत्यांना उत्तर नाही अशी नोंद येते आणि लगेच खाली सिरियल लिंक तुटल्यासारखी दिसते अशी ओळ. सिरियल हा शब्द बघून गोंधळू नका. मजकूर जुन्या काळचा आहे, पीपीपीओईलाही तोच येतो.

हे आकडे फार घट्ट करू नका. ५ आणि २ असं ठेवलं, तर कोणीतरी मोठा व्हिडिओ अपलोड करत असताना लाइन तुडुंब भरते, एकोचं उत्तर रांगेत अडकतं आणि चांगली चाललेली जोडणी पीपीपीडी स्वतःच तोडतो. एलसीपी-एको-अडॅप्टिव्ह हा पर्याय त्यासाठीच आहे: समोरून काहीही पाकीट आलं असेल तर तो विचारतच नाही, शांतता असेल तरच विचारतो. भरलेल्या लाइनवर हा जरूर लावा.

तिसरं कारण ऑपरेटरच्या बाजूचं. तुमची जोडणी निरोप न घेता मेली, तर त्यांच्या सर्व्हरवर जुनं सत्र अजून उघडं असतं. एका आयडीवर एकच सत्र असा नियम असेल तर तुमचा नवा प्रयत्न नाकारला जातो, आणि लॉगमध्ये ते ओळख पटली नाही असं दिसतं. पासवर्ड बरोबर असतो, बिघडलेलं काहीच नसतं. त्यांचा सर्व्हर जुनं सत्र स्वतःहून बंद करेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. म्हणून होल्डऑफ कमी करू नका. त्याची मूळ किंमत ३० सेकंद आहे आणि ती चांगली आहे. ‘लवकर लागावं’ म्हणून लोक १ किंवा २ करतात, मग सर्व्हरवर सेकंदा-दोन सेकंदाला धडका बसतात आणि काही ऑपरेटर तो आयडी थोडा वेळ अडवूनच ठेवतात. तुम्ही स्वतः जोडणी बंद करताना पीओएफएफ ही आज्ञा वापरा किंवा टर्म सिग्नल द्या, म्हणजे पीपीपीडी समोरच्याला रीतसर सांगून बंद होतो. किल -९ देऊन त्याला जागीच मारलंत तर तेच अनाथ सत्र मागे उरतं.

आणि हो, शोधाच्या पाकिटाला उत्तरच येत नसेल, तर ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलाय का ते विचारा. आपल्याकडच्या स्थानिक केबल-फायबरवाल्यांमध्ये हे सर्रास असतं. त्यावर पीपीपीडीचा कुठलाही पर्याय लागू पडत नाही. त्यांच्याकडून मॅक मोकळा करून घ्या किंवा तुमच्या इथरनेट पोर्टला जुना मॅक द्या.

अर्धवट उघडणाऱ्या साइटचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पाकिटाचा आकार. इथरनेटच्या चौकटीत १५०० बाइट मावतात. पीपीपीओईचं शीर्षक ६ बाइट, पीपीपीचा प्रोटोकॉल क्रमांक २ बाइट, उरले १४९२. म्हणून एमटीयू १४९२ आणि एमआरयू १४९२. दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा. एमआरयू म्हणजे ‘मी एवढं मोठं घेऊ शकतो’ असं समोरच्याला सांगणं, एमटीयू म्हणजे मी याहून मोठं पाठवणार नाही ही स्वतःवरची मर्यादा. समोरच्याने आणखी लहान एमआरयू सांगितला तर तुमचा एमटीयू तेवढा खाली येतो.

पण या दोन ओळी बरोबर असूनही साइट लटकतात, आणि इथेच लोक फाइलमध्ये आकडे बदलत बसतात. एक साधी परीक्षा करा. अडणारी साइट राउटरवरूनच कर्ल या आज्ञेने उघडून बघा, मग तीच घरातल्या फोनवर. राउटरवर उघडते आणि फोनवर लटकते? मग दोष पर्यायांच्या फाइलमध्ये नाहीच. राउटरला पीपीपी०चा एमटीयू माहीत असतो, त्यामुळे तो स्वतःच्या टीसीपी जोडणीत १४५२ बाइटांचा एमएसएस (एका पाकिटातल्या टीसीपी डेटाचा कमाल आकार) जाहीर करतो, कारण १४९२मधून आयपी आणि टीसीपीची शीर्षकं मिळून ४० बाइट जातात. फोनला मात्र वायफायचे १५०० दिसतात आणि तो १४६० जाहीर करतो. पलीकडचा सर्व्हर पूर्ण आकाराची पाकिटं पाठवतो, ती ऑपरेटरकडे अडतात, आणि ‘लहान पाठव’ सांगणारा आयसीएमपी संदेश वाटेत कोणीतरी गाळलेला असतो. पानाचा मथळा येतो, बाकीचं येत नाही.

उपाय फायरवॉलमध्ये आहे. फॉरवर्ड साखळीत, बाहेर जाणाऱ्या टीसीपी एसवायएन (जोडणी सुरू करणाऱ्या) पाकिटांचा एमएसएस मार्गाच्या एमटीयूला बांधायचा. लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलमध्ये मँगल टेबलात टीसीपीएमएसएस हे लक्ष्य आणि क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू हा पर्याय. एनएफटेबल्समध्येही याच कामाचा एका ओळीचा नियम आहे. आकार तपासायचा असेल तर पिंगला तुकडे करायची मनाई करून १४६४ बाइट पाठवा. त्यात २८ मिळवले की १४९२ होतात. १४६४ जातं आणि १४६५ जात नाही, असं दिसलं की तुमच्या बाजूचं गणित बरोबर आहे. पूर्ण १५०० मिळवायची सोय २००६च्या आरएफसी ४६३८मध्ये आहे, पण त्यासाठी तुमचा इथरनेट पोर्ट, ओएनटी आणि ऑपरेटरचा सर्व्हर, सगळ्यांनीच १५०८ स्वीकारायला हवं. एमएसएस बांधला की घरगुती वापरात १४९२ने काही अडत नाही.

आयडी-पासवर्डच्या फाइलींबद्दल थोडं. पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स या दोन्हींत तीच ओळ ठेवा, कारण कोणती पद्धत वापरायची हे समोरचा मागतो. पहिल्या रकान्यात आयडी, दुसऱ्यात तारांकन, तिसऱ्यात पासवर्ड. आयडी पीअर्स फाइलमधल्या ‘यूजर’ ओळीशी अक्षरशः जुळला पाहिजे, ‘@’नंतरच्या भागासकट. पासवर्डमध्ये # असेल आणि तुम्ही तो दुहेरी अवतरणात घातला नसेल, तर # हे टिप्पणीचं चिन्ह धरलं जाऊन पुढचा भाग गळण्याचा धोका असतो. म्हणून पासवर्ड कायम अवतरणातच लिहा. फाइलींची परवानगी ६००.

रूटचं काम डिफॉल्टरूट करतो, पण आधीपासून दुसरा डिफॉल्ट रूट असेल तर तो त्याला हात लावत नाही, लॉगमध्ये तशी नोंद करून गप्प बसतो. ओएनटीकडे जाणाऱ्या पोर्टवर डीएचसीपी (पत्ता आपोआप मागणारी सोय) चालू राहिलेला असतो तेव्हा हे हमखास होतं. त्या पोर्टला आयपी पत्त्याची गरजच नाही, तो फक्त ‘अप’ असला पाहिजे. डीएचसीपी बंद करा, मग रिप्लेसडिफॉल्टरूटची वेळ येत नाही. यूजपीअरडीएनएस समोरून दोन डीएनएस पत्ते मागून घेतो आणि पीपीपीच्या डिरेक्टरीत स्वतःची वेगळी रिझॉल्व्ह.कॉन्फ लिहितो. मशीनची मुख्य फाइल तो स्वतः बदलत नाही, ते काम आयपी-अप स्क्रिप्टचं. तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट आयपी-अप.डी मध्ये ठेवत असाल तर नावात टिंब नको. डेबियनमध्ये त्या रन-पार्ट्समार्फत चालतात आणि तो टिंब असलेली नावं गुपचूप वगळतो. ‘फायरवॉल.एसएच’ नावाची स्क्रिप्ट कधीच चालणार नाही, ‘फायरवॉल’ चालेल. तिला चालवण्याची परवानगीही द्या.

जोडणी लागल्यावर मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही ऑपरेटरच्या सामाईक नॅटमागे आहात, म्हणजे सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही म्हणून पीपीपीडीचे पर्याय उलटसुलट करू नका, त्याचा इथे काही संबंध नाही.

आता काढून टाकायच्या ओळी. सीआरटीएससीटीएस, मोडेम, लॉक, असिंकमॅप, बॉड रेटचा आकडा, कनेक्टपुढची चॅट स्क्रिप्ट: हे सगळं सिरियल पोर्टचं आहे. पीपीपीओईला त्याचा उपयोग नाही, वाचणाऱ्याचा गोंधळ तेवढा होतो. नोएकॉम्प, नोपीकॉम्प, नोव्हीजे याही ओळी अनावश्यक आहेत, कारण पीपीपीओईचं प्लगइन शीर्षकाचं आणि डेटाचं कॉम्प्रेशन स्वतःच बंद करतं. डिमांड आणि आयडल (गरज पडली की जोडणी लावणारा आणि रिकामी असली की तोडणारा) हे मिनिटांवर पैसे जायचे तेव्हाचे. अमर्याद फायबरवर ते ठेवले तर लाइन विनाकारण तुटेल.

मग उरतं काय? पीपीपीओईचं प्लगइन आणि त्यापुढे पोर्टचं नाव (ईएनपीसारखं नाव असेल तर आधी ‘निक-’ लावा, ऑपरेटरने व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरचं वेगळं आभासी जाळं, दिलं असेल तर व्हीलॅनचा इंटरफेस), यूजर, नोऑथ, नोआयपीडिफॉल्ट (आपला पत्ता समोरूनच घ्यायचा), डिफॉल्टरूट, यूजपीअरडीएनएस, पर्सिस्ट, मॅक्सफेल ०, होल्डऑफ ३०, एकोचे तीन पर्याय, एमटीयू आणि एमआरयू. ऑपरेटर आयपीव्ही६ देत असेल तर +आयपीव्ही६, पण त्याने फक्त लिंकपुरता पत्ता मिळतो. घरासाठीचा प्रीफिक्स (घरातल्या उपकरणांना वाटायचा पत्त्यांचा गट) घ्यायला वेगळा डीएचसीपीव्ही६ क्लायंट लागतो. फाइल पंधरा ओळींच्या आसपास संपते, आणि एवढ्या ओळी प्रत्येकी का आहेत हे सांगता येतं.

आवृत्तीही बघून घ्या. २.४.२ ते २.४.८ या आवृत्त्यांमध्ये ईएपी (ओळख पटवण्याची आणखी एक पद्धत) हाताळणाऱ्या भागात बफर ओसंडण्याचा गंभीर दोष होता, दोषांच्या यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२०-८५९७. ईएपी वापरत नसलात तरी तो लागू होता, त्यामुळे पर्याय बंद ठेवून सुटका नव्हती. दुरुस्ती २.४.९मध्ये आली आणि डेबियनने आपल्या जुन्या आवृत्त्यांनाही ती दिली. वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं मशीन राउटर म्हणून बसलं असेल तर आधी पॅकेज ताजं करा.

बदल एकेक करून करा. पीपीपीडी पुढ्यात चालवायला नोडिटॅच आणि डीबग जोडा. चालू जोडणी न तोडता डीबग सुरू करायचा असेल तर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल द्या, पुन्हा दिला की बंद होतो. लॉगमध्ये तुम्ही पाठवलेल्या आणि तुम्हाला आलेल्या मागण्या वेगळ्या दिसतात. कोणाच्या कुठल्या मागणीला नॅक (बदलून माग) किंवा रिजेक्ट (नकार) आला तेवढं शोधा, अडलेली जागा तीच. पीपीपीडी बाहेर पडलाच तर त्याचा निर्गम क्रमांक टिपून ठेवा: १० म्हणजे वाटाघाट जुळली नाही, १५ म्हणजे एकोला उत्तर नाही, १९ म्हणजे आपली ओळख समोरच्याने मानली नाही. एवढं करूनही लाइट गेल्यावर जोडणी लागली नाही, तर तो क्रमांक आणि तुटण्याच्या आधीपासूनचा लॉग पाठवा. पाठवण्याआधी शो-पासवर्ड ही ओळ फाइलमध्ये नाही याची खात्री करा, नाहीतर पॅपचा पासवर्ड लॉगमध्ये उघडा जाईल.